‘मोअर’ दिसलं की बेरीज

ऐरोलीत राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. मुलगी आठ वर्षांची, राज्य मंडळाच्या खाजगी इंग्रजी शाळेत तिसरीत. गणिताचं पुस्तक बालभारतीचंच. आई स्वतः चिपळूणकडच्या एका गावात मराठी माध्यमात शिकलेल्या. नोकरी वाशीला, घरी यायला साडेसात वाजतात. शाळा सुटल्यावर मुलगी आजोबांजवळ असते. युनिट टेस्टला गणितात वीसपैकी अकरा मिळाले आणि पालकसभेत बाई म्हणाल्या, “घरी प्रॅक्टिस कमी पडतेय, आणि घरात इंग्रजी बोलत जा.” तेव्हापासून रात्रीची जेवणं झाली की वह्या निघतात. आजोबा त्यांच्या पद्धतीने वजाबाकी शिकवतात, मुलगी “टीचर असं नाही करत” म्हणून रडते, आणि आई पुस्तक उघडून बघतात तर त्यात भलतीच रीत. नवरा म्हणतो, “खालच्या मॅडमकडे ट्यूशन लावून टाक.” सोसायटीतल्या बाकीच्या मुली अबॅकसला जातात. ट्यूशन लावू की अबॅकस? मलाच धड इंग्रजी येत नाही, घरात कसं बोलू? मुळात मराठी शाळेत घालायला हवं होतं का? असे त्यांचे प्रश्न आहेत. सोबत चुकलेल्या गृहपाठाच्या एका पानाचा फोटो.

ताई,

ट्यूशन की अबॅकस ते नंतर बघू. आधी फोटोबद्दल बोलते, कारण तुमच्या लांबलचक पत्रापेक्षा त्या एका पानाने मला जास्त सांगितलं.

पानाच्या वरच्या भागात उभ्या मांडणीच्या सहा वजाबाक्या आहेत. त्यातल्या पाच बरोबर. सहावीत सातातून नऊ जात नाहीत म्हणून तिने सरळ नवातून सात वजा केले. ही या वयातली नेहमीची चूक, तिचं फार मनावर घेऊ नका. खाली तीन शाब्दिक उदाहरणं आहेत आणि तिन्हींवर लाल फुली. पहिलं असं: एका मुलीकडे २७ स्टिकर आहेत, दुसरीकडे ५२, तर दुसरीकडे ‘हाउ मेनी मोअर’? लेकीने लिहिलंय ७९. दुसरं: बसमधून १८ प्रवासी उतरले, २५ ‘लेफ्ट’, तर सुरुवातीला बसमध्ये किती होते? तिचं उत्तर ७. तिसरं उदाहरण पाच ओळींचं आहे, ते तिने सोडूनच दिलंय.

आता फुल्या विसरून नुसते आकडे बघा. २७ आणि ५२ मिळून ७९ च होतात. २५ मधून १८ गेले की ७ च उरतात. म्हणजे हिशोब दोन्हीकडे चोख आहे. तिने ‘मोअर’ बघितलं आणि बेरीज केली, ‘लेफ्ट’ बघितलं आणि वजाबाकी केली. मधला मजकूर तिने वाचलाच नाही, किंवा वाचला पण डोळ्यांपुढे ना स्टिकर आले ना बस. ही युक्ती तिची स्वतःची नसणार, हेही सांगते. ‘ऑल टुगेदर म्हणजे प्लस, लेफ्ट म्हणजे मायनस’ असले तक्ते कित्येक वर्गांत भिंतीवर लटकत असतात, गाइडांत छापलेले असतात. पहिलीत त्यावर निभावून जातं. तिसरीत प्रश्न जरा वळवून विचारला की मुलं तोंडघशी पडतात.

‘गणित कच्चं आहे’ हे तुमचं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. कच्चं आहे ते प्रश्न समजून घेणं, आणि तेही इंग्रजीतला. रोज रात्री वीस वजाबाक्या घालून ते सुधारणार नाही. वजाबाक्या तिला येतातच.

खात्री करून घ्यायची असेल तर वही-पेन्सिल लांब ठेवून, भाजी निवडताना वगैरे, तिला तेच उदाहरण मराठीत सांगा. आकडे इंग्रजीतच ठेवा, तिला सवय आहे ती. “तुझ्याकडे ट्वेंटी सेव्हन स्टिकर आहेत, शेजारच्या ताईकडे फिफ्टी टू. तिच्याकडे तुझ्यापेक्षा किती जास्त?” उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल. ती वजाबाकीकडे वळते की बेरजेकडे, एवढंच बघा. वजाबाकीकडे वळली तर गणित तिच्या डोक्यात आहे, इंग्रजी वाक्याच्या आड अडकलंय. मराठीतही गोंधळली तर आकडे लहान करा, पाच आणि आठ. तेही जमलं नाही तर चिंचोके घ्या, एका रांगेत पाच, तिच्या खाली दुसऱ्या रांगेत आठ, एकाखाली एक. जोडीशिवाय राहिलेले किती, ते तिला बोटाने दाखवू दे. ‘जास्त’ म्हणजे जोडी न मिळालेले, हे एकदा हाताखालून गेलं की पुढे मोठ्या आकड्यांना तीच समज पुरते. कुठल्या पायरीवर ती अडली हे तुम्हाला दहा मिनिटांत कळेल. युनिट टेस्टच्या अकरा मार्कांतून ते कधीच कळणार नाही.

बसचं उदाहरण तर नाटक करण्यासारखं आहे. तुम्ही रोज ट्रान्स-हार्बर लोकलने येता-जाता. “डब्यात माणसं होती, किती ते माहीत नाही. घणसोलीला अठरा उतरली. आता पंचवीस उरली. तर मघाशी किती होती?” उतरलेल्यांना परत डब्यात चढवल्याशिवाय उत्तर मिळत नाही, हे मुलांना गोष्टीतून पटकन कळतं. त्यानंतर इंग्रजी वाक्य समोर ठेवायचं आणि विचारायचं, “यात आपली गाडी कुठे आहे, दाखव.” आधी गोष्ट, मग इंग्रजी, मग आकडे, असा क्रम ठेवा. एका वेळी एकच उदाहरण. उत्तर काढलं नाही तरी हरकत नाही, गोष्ट सांगता आली तर त्या दिवसाचं काम झालं.

आता आजोबांची रीत, तुमची रीत आणि पुस्तकातली रीत. पत्रातला हा भाग वाचून मला हसू आलं, कारण हे भांडण ठाण्या-मुंबईच्या निम्म्या घरांत चालू असतं. समजा ५२ मधून २७ वजा करायचेत. आजोबांना शिकवलं होतं: बारातून सात गेले पाच, हातचा एक, दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन. उत्तर पंचवीस. तुम्ही शिकलात: दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या पाचाकडून एक दशक घेतलं, पाचाचे चार झाले, दोनाचे बारा. उत्तर पंचवीस. आणि तुम्हाला भलतं वाटलं ते असं: २७ पासून ३० पर्यंत तीन, ३० पासून ५० पर्यंत वीस, ५० पासून ५२ पर्यंत दोन, तीन, वीस आणि दोन मिळून पंचवीस. हे भलतं नाही. किराणा दुकानदार सुट्टे परत देताना नेमकं हेच करतो, मनात वजाबाकी न मांडता पुढे पुढे मोजत जातो. आणि ‘किती जास्त’ या प्रश्नाला हीच रीत सगळ्यात जवळची, कारण २७ पासून ५२ पर्यंत किती चालावं लागेल हेच तर विचारलंय.

तिन्ही रीती बरोबर आहेत. फरक इतकाच की आजोबांच्या रीतीत झपाट्याने उत्तर येतं, पण हातचा एक तिकडे का मिळवायचा ते आठ वर्षांच्या पोरीला सांगता येत नाही. (वरच्या संख्येत दहा एकक वाढवले आणि खालच्या संख्येत एक दशक वाढवलं, म्हणून फरक तोच राहिला, हे त्याचं कारण. आजोबांना विचारून बघा, बहुतेकांना कारण कुणी सांगितलेलंच नसतं.) अलीकडच्या पुस्तकांचा भर उत्तराइतकाच त्या ‘का’वर आहे. म्हणून चित्रं, संख्यारेषा, दशकांचे गठ्ठे. आपल्याला तो वेळखाऊपणा वाटतो.

दशक उसनं घेणं तिला दाखवायचं तर पैशांनी दाखवा. दहाच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी तिच्या हातात द्या, झाले ५२. “मला सत्तावीस दे.” ती दोन नोटा देईल, मग सात नाणी द्यायला बघेल, तर हातात दोनच. आता काय? नोट मोडावी लागेल. मोडलीत की चार नोटा आणि बारा नाणी. त्यातून दोन नोटा आणि सात नाणी गेली. उरल्या दोन नोटा, पाच नाणी. हे आधी व्हायला हवं आणि वहीतली काटाकाट नंतर. सातातून नऊ जात नव्हते तेव्हा तिने जे उलटं केलं ना, ते नोट मोडून बघितलेलं मूल सहसा करत नाही.

आजोबांना मात्र वही तपासण्याच्या कामातून मोकळं करा. नाराज न करता. त्यांना सांगा की तिने तुम्हाला शिकवायचं आणि तुम्ही विद्यार्थी व्हायचं. “टीचर कसं करतात ते मला दाखव, आमच्या वेळी असं नव्हतं.” हे वाक्य कुठल्याही ट्यूशनपेक्षा भारी आहे, कारण दुसऱ्याला समजावून सांगताना कुठे आपल्यालाच कळलेलं नाही ते मुलांना आपोआप कळतं. आजोबांची हातच्याची रीत दिवाळीनंतर, शाळेची रीत पक्की बसली की, जादू म्हणून दाखवता येईल. तोवर त्यांच्याकडे दुसरं मोठं भांडार आहेच: पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि दीड पटीचे पाढे. पाढे म्हणून पाठ करायला नकोत, पण बाजारात पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो हे शब्द ती रोज ऐकते आणि तिसरी-चौथीत अपूर्णांक आले की ते जणू परदेशातून आले असं तिला वाटतं. पाव किलो मिरची चाळीस रुपये किलोने कितीला पडेल, हे आजोबा सहज विचारू शकतात. आणखी एक. आजोबा ‘एकोणऐंशी’ म्हणाले की तिचा चेहरा कोरा पडत असेल, तर हसू नका. मराठी संख्यानावांत एकक आधी येतो आणि दशक मागून, मुलांना ते अवघड जातं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही म्हणण्याची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता, आठवत असेल. तुमच्या घरी ‘सत्तर नऊ, म्हणजेच एकोणऐंशी’ असं जोडीने म्हटलं की झालं.

घरात इंग्रजी बोला, हा बाईंचा सल्ला. बाईंचा हेतू चांगला आहे, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. तुमची लेक दिवसाचे पाच-सहा तास शाळेत इंग्रजी ऐकते. घरी आल्यावर तिला ‘कम, इट, सिट’ एवढंच इंग्रजी मिळणार असेल, तर ती तुमच्याकडून इंग्रजीही शिकणार नाही आणि ज्या भाषेत ‘का’, ‘मग काय झालं’, ‘असं झालं असतं तर’ बोलता येतं ती भाषाही हातची जाईल. शाब्दिक उदाहरणांना नेमकी हीच भाषा लागते. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच शिकण्याचं माध्यम असावं असं म्हणतं. तुमच्या मुलीच्या शाळेचं माध्यम वेगळं आहे, म्हणून घरातल्या मराठीची गरज जास्तच. तुम्ही जे कमीपणाचं म्हणून लिहिलंत, ते माझ्या मते तिच्याजवळचं सगळ्यात उपयोगी साधन आहे.

याला जोडून एक सोपी सोय सांगते. बालभारतीचं गणिताचं पुस्तक इंग्रजी आणि मराठी माध्यमांसाठी एकच असतं, भाषा तेवढी वेगळी. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. तिसरीचं मराठी माध्यमाचं गणित मोबाइलवर उतरवून घ्या. इंग्रजी पुस्तकात अडलात की तेच पान मराठीत उघडा, ट्रेनमध्ये आधी वाचून ठेवलंत तरी चालेल. मराठी माध्यमात शिकलेल्या आयांना या एका गोष्टीने केवढा धीर येतो ते मी बघितलं आहे.

तिसरीत नक्की काय यायला हवं, असंही तुम्ही विचारलंय. केंद्राने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं तेव्हा लिहून दिलेली उद्दिष्टं अशी: तिसरीच्या अखेरीस मुलाने नवा, वयाला साजेसा मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने, अर्थ समजून वाचावा, ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात, गुणाकाराची साधी उदाहरणं सोडवावीत. देशभरातल्या सगळ्या मुलांना इथवर आणायला २०२६-२७ ची मुदत ठरवली होती. यातले ‘अखेरीस’ आणि ‘अर्थ समजून’ हे शब्द अधोरेखित करा. वर्ष अजून निम्मं शिल्लक आहे. आणि कृपा करून मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तिला वाचायला बसवू नका. वेग वाचून वाचून येतो, घड्याळ लावून नाही.

वाचनाचं मी गणिताच्या आधी सांगायला हवं होतं खरं, कारण मूळ दुखणं तिथे आहे. ती इंग्रजी धडा घडाघडा वाचते असं तुम्ही लिहिलंय. धडा शाळेत दहा वेळा झालेला असतो, तो पाठ असतो. तिने कधीच न पाहिलेलं एक पान द्या. वाचताना न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगा. पान संपेपर्यंत पाचही बोटं मिटली तर पुस्तक तिच्यासाठी जड आहे, खालच्या पातळीचं घ्या, त्यात लाज कसली. एक-दोन बोटं मिटली तर तेच तिचं पुस्तक. मग विचारा, “काय झालं यात?” मराठीत सांगितलं तरी पूर्ण गुण. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर लहान मुलांच्या सचित्र गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे सापडते आणि पैसे पडत नाहीत. आधी मराठीत वाचा, दोन दिवसांनी तीच इंग्रजीत. तुमचे सासरे ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे जुने सभासद आहेत असं तुम्ही लिहिलंत. १८९३ पासूनची संस्था आहे ती. स्वतःसाठी कादंबऱ्या आणताना नातीसाठीही एक पुस्तक आणायला सांगा.

मराठी विषयाकडे ‘त्यात काय, येतंच’ म्हणून दुर्लक्ष झालंय, हेही पत्रात ओझरतं आलंय. ते थांबवा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ती मार्कांपुरती ठेवायची की नाही हे मात्र घराने ठरवायचं. जोडाक्षरं अजून अडत असतील तर स्टेशनचे फलक, दुकानांच्या पाट्या, टीएमटीच्या आणि एनएमएमटीच्या बसवरची नावं वाचायला लावा. अर्थ लावून वाचण्याची सवय एका भाषेत लागली की दुसरीतही उतरते.

परिसर अभ्यासाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, बहुतेक त्यात मार्क बरे असतील. राज्य मंडळाची तिसरीची ही पुस्तकं अनेक वर्षं जिल्ह्यावार निघत आली आहेत, आणि ऐरोलीच्या मुलीला पडावेत असे प्रश्न त्यात दडलेले आहेत. आपण राहतो नवी मुंबईत, मग जिल्हा ठाणे कसा? पनवेल, उलवे, खारघरही नवी मुंबईच म्हणतात, पण त्यांचा जिल्हा रायगड. नवी मुंबईचा विमानतळही रायगडातच. आजोबांच्या लहानपणीच्या ठाणे जिल्ह्यात डहाणू, जव्हार होतं, ते १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्ह्यात गेलं. नकाशा पसरून या गप्पा मारायला मार्कांची गरज नाही आणि इंग्रजीचीही नाही.

रात्रीच्या वह्यांचं काय करायचं? साडेसातला तुम्ही घरी, नऊला जेवण, मग वह्या, म्हणजे पोर साडेदहा-अकराला झोपणार. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. ती सवड रात्री वहीत घालवण्यात अर्थ नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तर दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असं म्हटलंय. आठवड्याला, रोज नाही. शाळा त्याहून जास्त देत असेल तर लेखी काम तिने दुपारी आजोबांशेजारी बसून स्वतःचं स्वतः करावं, चुका असल्या तर असू द्याव्यात. चुका खोडून, बरोबर करून पाठवलेली वही बाईंच्या काही कामाची नसते, त्यांना वाटतं सगळं येतंय. तुम्ही आल्यावर फक्त ती एक गोष्ट, एखादं पान वाचन, पंधरा-वीस मिनिटं. ज्या दिवशी गाडी लेट, डोकं दुखतंय, त्या दिवशी काहीच नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज रात्री कुणीतरी पूर्ण झालेल्या वहीचे फोटो टाकतं म्हणता. तो ग्रुप म्यूट करून सकाळी एकदा बघितलात तरी शाळेची सूचना चुकत नाही.

आणि नवऱ्याला एक निरोप. ‘लावून टाक’ म्हणणं सोपं असतं. रविवारचा भाजीबाजार त्यांनी आणि लेकीने मिळून करावा, पैसे तिने द्यावेत, सुट्टे तिने मोजून घ्यावेत. तेवढं त्यांच्याकडे.

आता ट्यूशन. मी सरसकट विरोधात नाही. दुपारी घरी कुणीच नसतं तर मीच म्हटलं असतं की लावा, मूल सुरक्षित बसेल आणि गृहपाठ उरकेल. पण मग आपण देखरेखीचे पैसे देतोय हे मनाशी स्पष्ट असू द्या, शिकवण्याचे नाही. तुमच्याकडे आजोबा आहेत. तरी विचार असेलच तर पैसे भरण्याआधी एक दिवस मॅडमकडे जाऊन बसा. पहिली ते सातवीची मुलं एकाच हॉलमध्ये आणि मॅडम फळ्यावरून उत्तरं उतरवून देत असतील तर नको. मुलांना बोलतं करत असतील, “कसं काढलंस?” विचारत असतील, तर चांगल्या आहेत, जरूर विचार करा. अबॅकसने तोंडी हिशोब जलद होतो. तुमच्या लेकीचा हिशोब ठीकच आहे. तिला मैत्रिणींबरोबर जायचं असेल आणि परवडत असेल तर जाऊ द्या, छंद म्हणून. स्टिकरचं उदाहरण मात्र तिथे सुटणार नाही.

मराठी शाळेत घालायला हवं होतं का? प्रवेशाच्या वेळी विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, निदान जवळच्या चांगल्या सेमी-इंग्रजी शाळेचा विचार करा म्हटलं असतं. आज, तिसरीच्या मध्यावर, एका युनिट टेस्टसाठी मैत्रिणी, बाई, रस्ता सगळं बदलावं असं मला वाटत नाही. मराठीतून गोष्ट, मग इंग्रजी, हे वर्षभर करून बघा. चौथीच्या आधीच्या उन्हाळ्यातही ती शाळेत गप्प आणि घरी रडवेली असेल, तर तेव्हा शाळा बदलण्याचा प्रश्न पुन्हा काढा, तेव्हा तो खरा असेल.

काही मुलांच्या बाबतीत मात्र थांबून चालत नाही, तुमच्यासाठी नसलं तरी हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी सांगते. तिसरीतलं मूल मराठीतली ऐकलेली गोष्टही परत सांगू शकत नसेल, दोन्ही भाषांत साधे शब्द वाचताना अक्षरं उलटसुलट होत असतील, फळ्यावरचं उतरवताना ओळी गळत असतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. कित्येकदा गोष्ट चष्म्यावर संपते. तिथे काही निघालं नाही तर तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारी-महापालिकेच्या रुग्णालयांत ती होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, त्यामुळे शाळेकडून सवलती मागता येतात. चाचणी मुलाला नीट येणाऱ्या भाषेत व्हावी एवढा आग्रह धरा. नुसतं इंग्रजी कच्चं असणं म्हणजे अक्षमता नाही.

पुढच्या पालकसभेत बाईंना “कशी आहे आमची?” असं विचारू नका, चाळीसेक मुलांच्या वर्गात त्याचं उत्तर “अजून प्रॅक्टिस हवी” असंच येतं. हेच पान घेऊन जा. म्हणा, “वजाबाकी तिला येते, शाब्दिक उदाहरणात ती एक शब्द बघून क्रिया ठरवते असं मला वाटतंय. वर्गात उदाहरण वाचल्यावर आधी तिला गोष्ट सांगायला लावता येईल का, मराठीत चालेल का?” बहुतेक बाई इतका नेमका प्रश्न घेऊन आलेल्या पालकाला हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर निदान उदाहरणाखाली एक चौकट रिकामी ठेवून तिथे चित्र काढायची परवानगी मागा, स्टिकरांच्या दोन रांगा काढायला तिला अर्धा मिनिट लागेल. आणि तिसरं, पाच ओळींचं उदाहरण तिने का सोडलं, हे बाईंना नको, तिलाच विचारा.